गार इंजिनाचं कौतुक

कॅलिफोर्नियात 2000 सालच्या किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीची धूरतपासणी होते तेव्हा सायलेन्सरमध्ये कुणी नळी घालत नाही. तपासणारा डॅशबोर्डखाली हात घालतो, स्टिअरिंगच्या खाली लपलेल्या 16 पिनांच्या सॉकेटात केबल लावतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारतो. बॉनेट उघडून सगळे भाग जागच्या जागी आहेत का, डोळ्यांना दिसेल असा धूर निघतोय का, हेही बघतात. पण बहुतेकांचं पास-नापास ठरतं ते त्या केबलवर. 2015 पासून ही पद्धत आहे आणि मला ती ऐकून माहीत होती. केबलमधून नेमकं काय विचारलं जातं, याची चौकशी मात्र मी कधी केली नव्हती. माझ्या डोक्यात पीयूसी होती.

पीयूसी म्हणजे पुण्यात पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली व्हॅन. पोऱ्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, "रेस द्या" म्हणतो, प्रिंटर करकरतो, चिठ्ठी मिळते. तेवढ्या दोन मिनिटांत गाडी नीट वागली की झालं. काल ती काय करत होती आणि उद्या काय करेल, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही स्मॉग चेक म्हणजे हीच चिठ्ठी, फक्त डॉलर मोजून घ्यायची, अशी माझी समजूत होती. पुढचे सगळे घोळ या समजुतीतून निघाले असं म्हणून मी सुटलो असतो. पण त्यात लबाडीही होती, आणि ती पुण्याच्या माथी मारता येणार नाही.

गाडी 2011 सालची, वापरलेली घेतलेली सेडान. हिवाळ्याच्या सुरुवातीला डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. फोनशी ब्लूटूथने जोडायचा एक स्वस्तातला स्कॅनर माझ्याकडे होता, तो लावून बघितलं तर कोड आला पी-0128. अर्थ असा की, इंजिन जितकं तापायला हवं तितकं तापत नाहीये, कूलंटचं तापमान कमी राहतंय.

वाचून मला चक्क बरं वाटलं. आमच्या लहानपणी घरच्या जुन्या गाडीतून साताऱ्याला जायचं म्हणजे खंबाटकी घाटाची धास्ती असायची. चढावर काटा लाल रेषेकडे सरकायला लागला की बाबा खिडक्या उघडायला लावत, आई देवाचं नाव घेई. वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण सोडवणारे बापे, आणि मग फस्सकन उडणारी वाफ. शेवटी आमच्या मेकॅनिकने गाडीतला थर्मोस्टॅटच काढून टाकला. "आपल्या हवेत याचं काय काम, साहेब? हे थंड देशातल्या लोकांसाठी असतं," असं त्याने सांगितल्याचं मला आठवतं. अनेक गॅरेजवाले तेव्हा सर्रास हेच करत. त्यानंतर गाडी गरम झाली नाही आणि घरात एक शहाणपण कायमचं रुजलं: इंजिन गार ते उत्तम. तेव्हा हा कोड म्हणजे तक्रार कसली, प्रशस्तिपत्रकच. मी दिव्याकडे दुर्लक्ष केलं.

थर्मोस्टॅट ही खरं तर साधी झडप. आत मेण असतं. इंजिनातलं पाणी साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की ते मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ती मिटलेली राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. माझ्या गाडीत ती उघडीच अडकली होती, त्यामुळे गाडी सुरू केल्या क्षणापासून पाणी रेडिएटरमधून फिरून गार होऊन येत होतं. इंजिन कोमट राहिलं की कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. आधुनिक पेट्रोल गाडी सगळ्यात जास्त घाण सोडते ती गार असतानाच्या पहिल्या काही मिनिटांत, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कडक तापल्याशिवाय कामाला लागत नाही. माझ्या गाडीची ती पहिली मिनिटं लांबतच चालली होती. हे सगळं मला फार नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं, कारण पुरावा रोज सकाळी शेजारच्या सीटवर बसून बोलत होता. "अरे, या गाडीचा हीटर लागतच नाही, नुसतं कोमट वारं येतं," असं बायको कितीतरी वेळा म्हणाली. मी म्हणायचो, थंडीच जास्त आहे यंदा. पेट्रोलही जरा जास्त लागत होतं. त्याचा दोष मी ट्रॅफिकला दिला.

मग गाडीची नोंदणी नवी करायची नोटीस आली आणि त्यावर छापलेलं होतं: स्मॉग सर्टिफिकेट आवश्यक. इथे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत या तपासणीतून सूट असते, पुढे दर दोन वर्षांनी ती करावी लागते. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री मी गॅरेजमध्ये बसलो, स्कॅनर लावला आणि फोनवर "कोड पुसा" हे बटण दाबलं. दिवा गेला. कुणाची तरी टोपी उडवल्याचं समाधान मला झालं, हे इथे लिहून ठेवतो. लाज वाटते ती यासाठी की 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा मी मित्रांमध्ये तावातावाने बोललो होतो. त्या गाड्या तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत, आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. "एवढ्या मोठ्या कंपनीला शोभतं का हे?" असं मी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याने केबल लावली, पडद्याकडे बघितलं आणि मान वळवून मला विचारलं, "बॅटरी बदलली का नुकतीच?" मी नाही म्हणालो. "मग कोड पुसलेत." हा प्रश्न नव्हता.

गोष्ट अशी आहे. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल कारमध्ये ओबीडी-2, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची दुसरी पिढी, सक्तीची आहे. ही यंत्रणा चालता चालता स्वतःच्या चाचण्या घेत असते. मिसफायर, इंधनाचं मिश्रण यांवर तिची अखंड नजर असते. कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा यांच्या चाचण्या मात्र विशिष्ट परिस्थिती जुळून आली तरच होतात. प्रत्येक चाचणीपुढे कॉम्प्युटर एक नोंद ठेवतो: पूर्ण किंवा अपूर्ण. यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात. कोड पुसला की दिवा जातो, पण त्याबरोबर या सगळ्या नोंदीही पुसल्या जातात आणि गाडी म्हणते, मी स्वतःला अजून तपासलेलंच नाही. हिशेबतपासनीस उद्या येणार म्हणून आज रात्री वह्या विहिरीत टाकाव्यात, तसं मी केलं होतं. तपासणीची फी गेली, हातात नापासाचा कागद आला.

आणि हे असं का, तर तपासणीचा हेतूच वेगळा आहे. लॉस एंजेलिसवर 1943 च्या उन्हाळ्यात डोळे झोंबवणारं धुकं उतरलं, तेव्हा युद्धाचे दिवस असल्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली होती. पुढे कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुकं बनतं. 1967 मध्ये राज्याचं हवा-संसाधन मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. या मंडळाला हवं होतं ते गाडी रोजच्या रोज कशी वागते त्याचं उत्तर. तपासणीच्या दोन मिनिटांतलं वागणं त्यांना पुरणारं नव्हतं. माझ्या पीयूसीबुद्धीला हे सुचणं शक्य नव्हतं.

इथून पुढे मी सुधारायला हवं होतं. उलट मी अभ्यासाला लागलो. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या बाजूला, कुणी कधी न उघडणाऱ्या पानावर, मॉनिटर पूर्ण करून घेण्याची रीत दिलेली असते. टाकी पाऊण भरलेली हवी, काठोकाठ नको. गाडी किमान सहा तास बंद उभी हवी. हवा फार गार नको, फार गरमही नको. ॲक्सिलरेटरला पाय न लावता सुरू करायची आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवायची. मग उभ्या उभ्या 2,000 आरपीएमवर तीन मिनिटं धरायची. मग फ्रीवेवर ताशी 80 ते 97 किलोमीटर वेगाने वीस मिनिटं चालवायची, क्रूझ कंट्रोल न लावता, आणि त्यातली नव्वद सेकंद ॲक्सिलरेटरवरचा पाय जराही हलवायचा नाही. मग शहरात येऊन, जमेल तिथे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सोडून गाडी नुसती वाहू द्यायची. सत्यनारायणाच्या पूजेत इतके नियम नसतात.

मी 280 नंबरचा फ्रीवे निवडला. सॅन होजेहून सॅन फ्रान्सिस्कोकडे डोंगरांच्या कडेने जाणारा हा रस्ता देखणा आहे. रविवारी सकाळी मोकळा असतो, पण सपाट नाही. चढ आला की पाय आपोआप दाबला जातो. उताराला तो सोडावा लागतो. शिवाय वेगमर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे 105 किलोमीटर, आणि लोक त्याहून जोरात जातात. उजव्या लेनमधून मी 55 मैलांनी खाली मान घालून चाललेला, मागून दिव्यांचे झोत, शेजारून जाताना काच खाली करून केलेले हातवारे. मी नव्वद सेकंद मोजत होतो. दमून पहिल्या दिवशी क्रूझ कंट्रोलही लावला, "लावू नका" असं पुस्तिकेत लिहिलेलं असताना. यंत्र माझ्यापेक्षा स्थिर पाय ठेवेल असं वाटलं. खरं तर वेग स्थिर ठेवायला ते ॲक्सिलरेटर सतत कमीजास्त करत असतं, आणि इथे हवा होता नेमका न हलणारा पाय.

सगळ्यात जास्त डोकं मी लावलं ते पेट्रोलच्या वाफेच्या चाचणीवर. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोक असलं तरी ही यंत्रणा ते पकडते, आणि तिच्या अटी सगळ्यात कटकटीच्या. टाकी किती भरली, रात्रभर गाडी कुठे उभी होती, हवेचं तापमान काय, हे मी कागदावर लिहून ठेवायला लागलो. पंपावर जाऊन अर्धवट पेट्रोल भरायचो. बायकोला गाडी हलवू देत नसे. आणि मग एके दिवशी नियमच नीट वाचले. 2000 सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात नेमका हाच एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो. बाकीचे सगळे पूर्ण हवेत, आणि माझ्याकडे अडकला होता कन्व्हर्टरचा. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय ती चाचणी सुरूच होत नाही. कोमट इंजिन घेऊन मी 280 वर कितीही व्रतस्थ गाडी चालवली असती, तरी ती झाली नसती. इतकं वाचूनही मला थर्मोस्टॅट आठवला नाही. मला वाटत होतं, माझा पायच चुकतोय.

मग दिवा परत आला. तोच कोड. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका स्नेह्यांनी सांगितलं, "स्कॅनरने वरवर पुसलं जातं. बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, सगळं मुळापासून जाईल." त्यांनी हे ज्या आत्मविश्वासाने सांगितलं, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. मी वायर काढली. सकाळी जोडली तर मॉनिटर पुन्हा सगळे अपूर्ण, आणि रेडिओ कोड मागायला लागला. तो कोड जुन्या मालकाकडे राहिला असावा. पुढचे काही आठवडे 280 वरची ती साधना मूकपणे झाली.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं होतं की दिवा लागतो तो गारठ्यातल्या सकाळी गाडी काढल्यावर. घरून काम होतं. मग मी सकाळी गाडी काढणंच बंद केलं. दुपारी उन्हात तापलेली गाडी घ्यायची, फ्रीवेवर जायचं. गार इंजिनापासून सुरू होणारी जी चाचणी माझा दोष पकडत होती, ती होऊच द्यायची नाही, असा हा डाव. बिघाड कुठे आहे हे मी शोधून काढलं होतं, आणि ती अक्कल मी तो लपवण्यात खर्च करत होतो! एका उबदार दुपारी, ट्रॅफिकमध्ये बराच वेळ अडकल्यावर कन्व्हर्टरचा मॉनिटरही पूर्ण झाला. स्कॅनरवर हिरव्या खुणा, डॅशबोर्डवर दिवा नाही. मी थेट तपासणीला गेलो.

पुन्हा नापास. कागदावर लिहिलं होतं: कायमस्वरूपी कोड, पी-0128.

2010 च्या सुमारापासूनच्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर दोषाची एक नोंद अशा जागी ठेवतो, जी स्कॅनरने पुसता येत नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. ज्या चाचणीत दोष सापडला तीच चाचणी पुन्हा होऊन दोष नाही असं गाडीला स्वतःला पटलं, तरच ती जाते. 2019 च्या जुलैपासून कॅलिफोर्निया ही नोंद तपासतं. सवलत एकच. कोड पुसल्यापासून गाडी 200 मैल चालली असेल आणि इंजिन किमान 15 वेळा गारचं गरम झालं असेल, तर ही नोंद विचारात घेत नाहीत. मैल माझे कधीच भरले होते. पण गरम झालं म्हणजे कूलंटचं तापमान सुरुवातीपेक्षा निदान 22 अंशांनी वाढून 71 अंशांपर्यंत पोचायला हवं, आणि माझं इंजिन तिथवर क्वचित पोचत होतं. माझ्या स्कॅनरला ही नोंद दिसतही नव्हती. तो त्याच्या किमतीच्या मानाने प्रामाणिक होता.

तेव्हा कुठे मी मेकॅनिककडे गेलो. सॅन होजेतला एक वयस्कर व्हिएतनामी गृहस्थ. मी फायली काढायला लागलो, तापमानाच्या नोंदी, मॉनिटरची यादी. त्याने हाताने थांबवलं. गाडी गार होती. ती सुरू करून त्याने थोड्या वेळाने रेडिएटरच्या वरच्या होस पाइपवर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. पाइप कोमट व्हायला लागला होता. थर्मोस्टॅट ठीक असता तर इतक्या लवकर तो गारच राहायला हवा होता. मग त्याने विचारलं, "हीटर चालतो?"

मी बायकोकडे बघितलं नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवायला त्याला फार वेळ लागला नाही. खर्च मी आतापर्यंत तपासणीच्या फीमध्ये आणि 280 वर जाळलेल्या पेट्रोलमध्ये घातला त्याहून कमी आला. कूलंट भरून, आतली हवा काढून झाल्यावर मी सवयीने स्कॅनर बाहेर काढला. "पुसू का आता?" तो हसला नाही. "काही करू नकोस. ऑफिसला जा, घरी ये. सकाळी जा." दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन फेऱ्यांत कॉम्प्युटर दिवा आपणहून विझवतो, आणि तेव्हा मॉनिटरच्या नोंदी शाबूत राहतात. हे वाक्य मी नियमावलीत आधी दोनदा तरी वाचलं होतं, पण "आपणहून" या भागावर माझा विश्वास बसला नव्हता. मी सकाळी गाडी काढायला लागलो. 280 ला गेलो नाही, पाय मोजला नाही. पुढच्या वेळी तपासणाऱ्याने केबल लावली, सर्टिफिकेटचे राज्याचे 8.25 डॉलर जमेस धरून पावती फाडली आणि पुढच्या गाडीकडे वळला.

एक भुर्दंड मात्र राहिलाच होता. स्मॉग झाल्याशिवाय नोंदणीची फी भरता येत नाही, असं मी गृहीत धरलं होतं. तसं नाही. फी मुदतीत भरून टाकायची असते, सर्टिफिकेट मागून आलं तरी चालतं. तोवर नोंदणी पुरी होत नाही एवढंच. आणि गाडी स्मॉगमध्ये नापास झाली असेल तर पैसे भरून साठ दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. मी फीच न भरता थांबलो आणि दंड भरला. हे नोटिशीच्या मागच्या बाजूला स्पष्ट छापलेलं आहे. मागची बाजू मी त्या वेळी वाचली नव्हती.

रविवारच्या फोनवर बाबांना सगळं सांगितलं. थर्मोस्टॅट बदलला म्हटल्यावर ते म्हणाले, "बदलला कशाला? काढून टाकायचा की!" मी त्यांना कन्व्हर्टर, मॉनिटर, कायमस्वरूपी कोड असं सगळं समजावत गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बरं, ते जाऊ दे. आता किती देते?"

वाढलंय, मी म्हणालो. गॅलनमागे दोन-तीन मैलांनी.

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.